ऑफिस पाहावे हलवून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे जुने लोक म्हणतात. त्यात आणखी एकाची भर घालावी, असे आम्हाला अनुभवाने वाटते. ऑफिस पाहावे हलवून! घर हलवायचे तर बिऱ्हाड आपले असते. भांडी किती, गोधड्या किती, कोणत्या डब्यात डाळ आणि कोणत्यात तांदूळ, हे घरच्या बाईला पाठ असते. ऑफिस हलते तेव्हा सामान कंपनीचे आणि हुकूम साहेबांचा. त्या हुकुमामुळे ज्यांच्या घरातली चूल तासभर आधी पेटवावी लागते, त्यांना मात्र कोणी विचारलेले नसते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातले कोणी ना कोणी आज खाजगी नोकरीत आहे. कोणी कारकून, कोणी शिपाई, कोणी सिक्युरिटीत, तर कोणी हाउसकीपिंगमध्ये. कंपन्या जागा बदलतात आणि ही माणसे त्यांच्यामागे फरफटत जातात किंवा मागे राहतात. आम्ही एकदा एक ऑफिस हलवले. त्यातून जे शिकायला मिळाले ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या वेळी आम्ही बॅलार्ड इस्टेटमधील एका क्लिअरिंग एजंट कंपनीत रेकॉर्ड आणि आवक-जावक विभागाचे हेडक्लार्क होतो. बंदरात आलेला माल कस्टममधून सोडवून मालकाच्या गोदामात पोचवायचा, हा कंपनीचा धंदा. बॅलार्ड इस्टेट हा भागच समुद्रात भर घालून तयार झालेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे दगडी इमारती उभ्या राहिल्या. गोदी जवळ, कस्टम हाउस जवळ, म्हणून जहाजांचा आणि मालाचा धंदा करणाऱ्यांची ऑफिसे तेथे दाटीने बसली. पुढे कंटेनरचे युग आले. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले आणि हळूहळू काम तिकडे सरकले. आमचे डॉक क्लार्क रोज न्हावाशेव्याला आणि कागद मात्र बॅलार्ड इस्टेटला, असे किती दिवस चालणार? १९९९ च्या मार्चमध्ये मालकांनी ठरवले की ऑफिस बेलापूरला न्यायचे. आमच्या विभागाची हलवाहलव आमच्याकडे सोपवण्यात आली.

तसे पाहिले तर नवी मुंबई ऑफिसांसाठीच कल्पिलेली होती. दक्षिण मुंबईत गर्दी मावेना, तेव्हा खाडीपलीकडे दुसरे शहर वसवावे, ही कल्पना १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. बेलापूरला कोकण भवन उभे राहिले, परंतु मंत्रालय काही नरिमन पॉइंटहून हलले नाही. मोठी खुर्ची जागची हलत नाही, तोवर लहान खुर्च्याही हलायला तयार होत नाहीत. शिवाय रेल्वे वाशीला पोचली ती १९९२ मध्ये आणि बेलापूरला १९९३ मध्ये. आधी शहर आणि मग गाडी, असा हा उलटा क्रम.

आमच्या विभागात मस्टरवर आमच्यासह चौदा नावे होती. बातमी आली त्या दिवशी साहेबांनी आमच्याकडून एक यादी मागितली. कपाटे किती, टेबले किती, फायलींचे गठ्ठे किती, टंकलेखन यंत्रे किती. ती आम्ही दोन दिवसांत दिली. परंतु त्याच संध्याकाळी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे दुसरी यादी करायला घेतली. नाव, राहण्याचे ठिकाण, घरून निघण्याची वेळ, कोठे गाडी बदलावी लागेल, घरी पोचण्याची वेळ आणि घरी अडचण काय, असे रकाने पाडले. एकेकाला शेजारी बसवून ते भरले.

आम्ही स्वतः चेंबूरला राहत होतो. हार्बरची गाडी हाताशी, त्यातही सकाळी बेलापूरकडे जाणारी गाडी गर्दीच्या उलट दिशेची. म्हणजे हे हलणे आमच्या पथ्यावरच पडणार होते. म्हणूनच ज्यांच्या पथ्यावर पडणार नव्हते, त्यांचे नीट ऐकून घेणे जास्त जरुरीचे होते. ज्याला बसायला जागा मिळते, त्याला उभे राहणाऱ्याच्या पायाची कळ आपोआप कळत नाही. ती विचारावी लागते.

तक्ता पुरा झाला तेव्हा चित्र स्पष्ट झाले. गोवंडी-मानखुर्दचे तिघे आणि नेरूळचा एक जण, यांचे दिवस पालटणार होते. नायगाव-परळचे दोघे शिवडीला चालत जाऊन हार्बर पकडू शकत होते. पाच जण कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथचे. आज त्यांना ठाण्याला गाडी बदलून बेलापूरला जाता येते, परंतु ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली ती २००४ मध्ये. १९९९ मध्ये कल्याणच्या माणसाने कुर्ल्यापर्यंत यायचे, गर्दीत पूल चढायचा आणि हार्बरने परत पूर्वेकडे फिरायचे. जाऊन-येऊन रोज तासभर जादा. सर्वांत कठीण गोष्ट नालासोपाऱ्याच्या दोघींची. नालासोपारा ते दादर, दादर ते कुर्ला, कुर्ला ते बेलापूर. एका बाजूला पावणेतीन तास.

त्यांतल्या आमच्या टायपिस्ट ताईंच्या रकान्यात आम्ही लिहिले : पाणी पहाटे पाचला येते, मुलगा तीन वर्षांचा, शेजारच्या आजी साडेसातपर्यंत सांभाळतात. ताई म्हणाल्या, "भाऊ, पाणी मी भरीन, झोप कमी करीन. पण आजींनी साडेसातनंतर मुलाला घेऊन दारात बसायचं का?" या प्रश्नाचे उत्तर कपाटांच्या यादीत नव्हते.

दोन्ही याद्या घेऊन आम्ही साहेबांकडे गेलो. त्यांनी दुसरी यादी पाहिली आणि म्हणाले, "तुम्हाला सामान हलवायला सांगितलं होतं. ही माणसांची यादी कशाला?"

आम्ही म्हणालो, "साहेब, सामान हमाल हलवतील. सोमवारी ते उघडून कामाला लावायला हीच माणसं लागणार. ती पोचतील कशी, ते आधी बघायला नको का?"

साहेब माणूस समजूतदार होते. त्यांनी तक्ता ठेवून घेतला. आमच्या ऑफिसात युनियन नव्हती, परंतु कायदा होता. औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम ९-अ प्रमाणे कामाच्या वेळा, भत्ते अशा बाबींत कामगारांना बाधक बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागे. बदल झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा आधी बोलून घेतलेले दोघांनाही बरे, एवढेच आम्ही नम्रपणे सुचवले. तीन मागण्या लेखी दिल्या. ज्यांना अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ वाढतो, त्यांनी जेवणाची सुट्टी अर्धा तास घ्यावी आणि साडेपाचऐवजी पाचला सुटावे. पहिले तीन महिने वीस मिनिटांपर्यंत लेटमार्क नसावा. रेल्वे पासातला फरक कंपनीने एक वर्ष द्यावा. पहिल्या दोन मान्य झाल्या. पासाचा फरक सहा महिन्यांपुरता मिळाला. पूर्ण हातात पडले नाही, परंतु जे पडले ते कागदावर सहीनिशी पडले.

आता सामानाचे सांगतो. साहेबांच्या मनात जूनचा दुसरा आठवडा होता. आम्ही मे अखेरचा आग्रह धरला. कागद आणि मुंबईचा पाऊस यांचे वैर जगजाहीर आहे. शेवटी शनिवार २९ मे आणि रविवार ३० मे हे दिवस ठरले. महिनाभर तयारी चालली. काही साध्या गोष्टी कामी आल्या, त्या येथे नमूद करतो. फायलींचे खोके लहानच घ्यावे, कारण कागदाचे ओझे दिसते त्याच्या दुप्पट असते. नंबर खोक्याच्या झाकणावर न घालता बाजूला घालावा, नाही तर थप्पी लागल्यावर तो दिसत नाही. ज्याने गठ्ठा बांधला, त्यानेच तो तिकडे सोडावा. निघताना एक रजिस्टर आणि पोचताना दुसरे, दोन्हींवर सह्या घ्याव्या. कपाटाची किल्ली पाकिटात घालून पाकिटावर कपाटाचा नंबर लिहावा. टपाल खात्याला पत्ता बदलाचा अर्ज, बँक, प्रॉव्हिडंट फंड, गुमास्ता लायसन्स, टेलिफोन, लेटरहेड, ही कामे वाटून द्यावी आणि प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचे नाव लिहावे. दोघांचे लिहिले की दोघेही दुसऱ्याची वाट पाहत बसतात.

खोक्यांवर नंबर पडत होते, तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे चहा-पाणी करणाऱ्या एक मावशी होत्या. डॉकयार्ड रोडला राहायच्या. १९८२ चा गिरणी संप झाला, यजमानांची गिरणी सुटली आणि मावशी त्याच वर्षी ऑफिसात पाणी भरायला लागल्या. त्या वेळी महिना साठ रुपये, १९९९ मध्ये नऊशे. मस्टरवर नाव नाही. दर महिन्याला पेटी कॅशच्या व्हाउचरवर अंगठा उमटवायचा आणि पैसे घ्यायचे. झाडलोट करणारा मानखुर्दचा एक तरुणही असाच व्हाउचरवर होता. बेलापूरच्या नव्या इमारतीत सफाई आणि चहापाण्याचे कंत्राट इमारतवाल्यांचे होते. त्यामुळे या दोघांचे काय, हा प्रश्नच कोणाला पडला नव्हता.

मावशी एका खोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "भाऊ, समद्यांवर नंबर घातले तुमी. माझा नंबर कुठल्या खोक्यावर हाय?"

त्या हसत हसतच म्हणाल्या. आमचे लोकही हसले आणि मग एकदम गप्प झाले.

ऑफिस हलवताना जुन्या कागदांची निवड होते. न्यायचे एकीकडे, टाकायचे दुसरीकडे. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके आणि व्हाउचर आठ वर्षे जपावी लागतात. त्याआधीची रद्दीत जायला हरकत नव्हती. हिशेब विभागाने तशी यादीही दिली होती. म्हणजे १९८२ पासून १९९० पर्यंतची मावशींच्या अंगठ्याची व्हाउचरे त्या रद्दीत होती. ती गेली असती तर मावशींची नोकरी कागदोपत्री आठ वर्षांची उरली असती. आधीची नऊ वर्षे किलोच्या भावाने विकली गेली असती. मावशींना वाचता येत नव्हते आणि त्यांच्याजवळ दुसरा कागदही नव्हता.

आम्ही लपवाछपवी केली नाही. रद्दीच्या यादीतून तेवढे गठ्ठे काढून न्यायच्या यादीत लिहिले आणि पुढे कारण लिहिले : सेवेचा पुरावा. साहेबांची त्यावर सही घेतली. मग आम्ही सारे कामाला लागलो. तीन संध्याकाळी कल्याणची मंडळी एकेक गाडी सोडून थांबली. महिन्यावार व्हाउचरे लावली. सतरा वर्षांचे २०४ महिने, त्यांपैकी १९६ महिन्यांची सापडली. ज्या टायपिस्ट ताईंना साडेसातची काळजी होती, त्यांनी दुपारच्या सुट्टीत जेवण आटोपते घेऊन सारा तक्ता टाइप केला. महिना, रक्कम, व्हाउचर नंबर.

त्या तक्त्याच्या आधाराने बोलणी झाली. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. सलग पाच वर्षे नोकरी झालेल्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि पंधरा दिवसांचा पगार काढताना महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. नऊशे रुपयांवर सतरा वर्षांचे ८,८२७ रुपये होतात. आठच वर्षे धरली असती तर ४,१५४ झाले असते. व्हाउचरवरच्या बाईला ग्रॅच्युइटी कशी, असे हिशेब विभागातून विचारले गेलेच. आम्ही म्हटले, माणूस वर्षभर रोज येतो, कंपनीचेच काम करतो, कंपनीच पैसे देते. मस्टरवर नाव घातले नाही हा त्याचा दोष कसा? प्रकरण कंपनीच्या वकिलांकडे गेले आणि वकिलांनी पैसे द्यावेत असाच सल्ला दिला.

साहेबांनी मावशींना बेलापूरला येण्याबद्दलही विचारले. मावशींनी नकार दिला. कारण त्यांनी सांगितले तेव्हा आम्हाला त्यांचा हिशेब कळला. त्याच गल्लीत त्या आणखी दोन ऑफिसांत पाणी भरत. एक ऑफिस गेले तरी दोन उरत होती. बेलापूरला आल्या असत्या तर ती दोन्ही गेली असती. म्हणून मावशी मागे राहिल्या, परंतु रिकाम्या हाताने नाही. एक महिन्याचा नोटीस पगार आणि ग्रॅच्युइटीचा चेक त्यांना मिळाला. चेक भरण्यासाठी त्यांचे पोस्टातले खाते उघडून द्यायला आमच्यातलेच दोघे गेले. झाडलोट करणाऱ्या तरुणाला आम्ही रेकॉर्ड विभागासाठी शिपाई म्हणून मागून घेतले. रॅकवरचे गठ्ठे चढवायला-उतरवायला माणूस लागतच होता. १ जून १९९९ रोजी मस्टरवर पंधरावे नाव चढले.

बेलापूरला पहिला महिना ओढाताणीचा गेला. नव्या इमारतीत रेकॉर्डसाठी तळघर नेमले होते. आम्ही पावसाकडे बोट दाखवून वरच्या मजल्यावरचा कोपरा मागितला, तो थोडा अरुंद होता तरी घेतला. २६ जुलै २००५ च्या प्रलयात, ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या तळघरात पाणी शिरले. कागद वरती कोरडे होते.

दुपारी आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला जात असू. टपरीवाले काका बेलापूर गावचे. आमची मंडळी गाडीच्या त्रासाबद्दल बोलत होती, तेव्हा ते म्हणाले, "तुमचं ऑफिस हललं, आमचं तर शेत गेलं." या शहरासाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले आणि जानेवारी १९८४ मध्ये उरणकडच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. ज्या फरशीवर आम्ही कपाटे मांडली, तिच्याखाली कोणाची तरी भातशेती होती. त्यानंतर आमच्या मंडळींची कुरकुर बंद झाली असे नाही, परंतु काकांकडचा चहा मात्र सर्वजण रोख पैसे देऊन पिऊ लागले.

टायपिस्ट ताईंनी चार महिने काढले. पाचला सुटूनही साडेसात टळत. ऑक्टोबरमध्ये त्यांनी अंधेरीला दुसरी नोकरी धरली. पगार आमच्याकडच्यापेक्षा थोडा कमीच होता. सवलत मिळाली म्हणून अंतर कमी होत नाही, हे तेव्हा आम्हा सर्वांना उमगले. त्यांच्या निरोपाला सगळा विभाग स्टेशनपर्यंत गेला. कल्याणकडचे पाचही जण टिकले. २००४ मध्ये ठाण्याची गाडी सुरू झाली, त्या दिवशी त्यांनी विभागात पेढे वाटले. पाच वर्षे कुर्ल्याचा पूल चढलेल्या माणसांचे ते पेढे होते.

आज आम्ही निवृत्त आहोत. ऑफिसे अजून हलतच आहेत. फोर्टातून वांद्रे-कुर्ला संकुलात, तेथून ऐरोलीला, ठाण्याला. २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूही खुला झाला. ज्या खाडीमुळे आमचे ऑफिस हलले ती आता मोटारीने काही मिनिटांत ओलांडता येते, परंतु दुचाकीला आणि रिक्षाला त्यावर मज्जाव आहे. कायदेही बदलले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नव्या संहिता लागू झाल्या आहेत. बदलाच्या आधी २१ दिवसांची नोटीस औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ठरावीक मुदतीच्या कामगाराला आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. परंतु हक्क सिद्ध करायला कागद लागतो, ही गोष्ट काही बदललेली नाही.

म्हणून आपल्या मुलामुलींना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तुम्ही कोठेही काम करीत असा, पगाराची पावती, बँकेचे पासबुक, ओळखपत्र, हजेरीचा कागद, जे मिळेल ते वर्षावार लावून घरात एका पिशवीत ठेवा. मोबाइलवर आलेला पगाराचा संदेशही उतरवून ठेवा. ऑफिस हलताना कंपनी आपले कागद निवडते, तुमचे निवडायला ती बांधलेली नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्यासाठी, जे शिकून-सवरून सुपरवायझर, टीम लीडर, मॅनेजर झाले आहेत. तुमच्या हातीही कधी अशी हलवाहलव येईल. आता खुर्च्यांची मोजदाद संगणक करून देईल. तुम्ही मात्र एक कोरा कागद घ्या आणि माणसे लिहा. मस्टरवरची लिहून झाली की थांबू नका. पाण्याची बाटली कोण भरते, लादी कोण पुसते, दारावर रात्री कोण बसते, तेही लिहा. त्यांच्या घरचे नळाला पाणी किती वाजता येते, ते विचारा. मग साहेबांकडे जा.